टांकसाळीचा यूएनसी सेट दरवर्षी घ्यावा का? नाशिककरांनो सांगा राव

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

टांकसाळीचा तो अनसर्क्युलेटेड म्हणजे यूएनसी सेट असतो ना, फोल्डरमध्ये खोचलेली त्या वर्षाची कोरी नाणी, एक दोन पाच दहा वीस. मुलगी झाली त्या वर्षाचा एक घेऊन ठेवला होता, आठवण म्हणून. आता डोक्यात किडा असा आलाय की दरवर्षी तिच्या वाढदिवसाला त्या त्या वर्षाचा एक घेत जायचा आणि अठरावं लागलं की सगळी थप्पी तिच्या हातात द्यायची. कल्पना मला भारी वाटते, बायकोला नाही. तिने कागदावर बेरीज करून दाखवली, १ + २ + ५ + १० + २० = ३८. म्हणे अडतीस रुपयांची चिल्लर घ्यायला एवढे पैसे कोण मोजतं, त्यापेक्षा पोस्टात पोरीचं सुकन्याचं खातं आहे त्यात टाक. तिचं चूक आहे असं म्हणता येत नाही हीच पंचाईत.

त्यात मागच्या वर्षी माझं बुकिंग हुकलं, मग एका विक्रेत्याकडून छापील किमतीच्या जवळपास दुपटीने घेतला, आणि घरी येऊन उघडतो तर वीसच्या नाण्यावर कोणाच्या तरी अंगठ्याचा ठसा, अगदी रेषा मोजाव्यात इतका स्पष्ट. परत घ्यायला तयार नाही, म्हणे नाणं असंच येतं. तर तेव्हापासून मन थोडं खट्टू आहे. घेत राहू की थांबू? आणि घ्यायचाच तर साधा यूएनसी की प्रूफ?

जेलरोडचे_अण्णा
आधी सगळ्यांचा एक गैरसमज काढून टाकतो कारण नंतर कोणीतरी विचारणारच. मी प्रेसमधून रिटायर झालो. अख्ख्या नोकरीत नातेवाइकांनी एकच छळ केला, अण्णा लग्नात वाटायला नवी नाणी आणा की. अहो नाशिकरोडला नोटा छापतात, १९२८ पासून. बाजूच्या प्रेसमध्ये पासपोर्ट, स्टँप. नाणी इथे पडत नाहीत. नाणी पडतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार टांकसाळींमध्ये. कंपनी वरून एकच आहे म्हणून लोकांची गल्लत होते.

आता तुमचा प्रश्न. नाण्यावर वर्षाच्या खाली बारीक खूण असते ती बघा. हिरा म्हणजे चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, नुसता टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. तुमच्या मुलीच्या सेटवर काय आहे? दरवर्षी घ्यायचा तर एकाच टांकसाळीचा घ्या असं माझं मत, नाहीतर पुढे थप्पी खिचडी दिसते. भिंग घेऊन बघा, साध्या डोळ्यांना आमच्या वयात तरी दिसत नाही.

खुर्दा_शेठ
गार पाणी ओततो, राग मानू नका. गुंतवणूक म्हणून हा सेट शून्य आहे. मी बारा पंधरा वर्षं हा नाद केलाय, घेताना सगळे डीलर दारात उभे असतात, विकायला गेलं की तोच माणूस म्हणतो साहेब हे सेट तर ढिगाने पडलेत. तुम्ही घेता तसे हजारो लोक घेतात आणि सगळेच जपून ठेवतात, मग दुर्मिळ कुठून होणार? दुर्मिळ ते होतं जे लोकांनी वापरून, हरवून, वितळवून संपवलं.

चांदीच्या सेटचं पण सांगून ठेवतो म्हणजे तिकडे पळायला नको. जुनी जी स्मारक नाणी, शंभरची वगैरे, ४४ मिलिमीटरची मोठ्ठी, ती ३५ ग्रॅमची असतात पण चांदी निम्मीच. बाकी ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त. २०२३ ला नव्या संसदेचं ७५ रुपयांचं आलं ते पण तसलंच. म्हणजे हातात साडेसतरा ग्रॅम चांदी. बाकीचे पैसे मखमलीच्या डबीचे. २०२४ ला रिझर्व्ह बँकेच्या नव्वद वर्षांचं ९० रुपयांचं काढलं ते मात्र ४० ग्रॅम शुद्ध चांदीचं. तर घेण्याआधी वजन गुणिले चांदीचा भाव एवढं तरी करा, मग ठरवा वरचे पैसे कशासाठी देताय.

तुमच्या साध्या सेटमध्ये तर चांदीचा प्रश्नच नाही. वहिनींची बेरीज बरोबर आहे.

गंगापूररोडकर
शेठ, विकायचा नाहीच आहे. पण तुम्ही म्हणता तसं हजारो लोक घेतात हे डोक्यात आलंच नव्हतं.

अण्णा, भिंग घेतलं, हिरा आहे. मुंबई.

एमएच_१५
यूएनसी आणि प्रूफमधला फरक कोणी नीट सांगेल का, मला वाटायचं प्रूफ म्हणजे सर्टिफिकेट असलेलं 😅

खुर्दा_शेठ
नाही रे बाबा. प्रूफ म्हणजे पॉलिश केलेल्या साच्यावर, एकापेक्षा जास्त ठोके मारून, एकेक नाणं हाताळून काढलेलं. चित्रामागची सपाट जागा आरशासारखी, तोंड बघून घ्यावं अशी, आणि चित्र दुधी. यूएनसी म्हणजे बाजारात न फिरलेलं, एवढंच. मशीनमधून धडाधड पडतात, एकमेकांवर आपटतात, त्यामुळे कोऱ्या नाण्यावरही बारीक ओरखडा असतो आणि तो दोष धरत नाहीत. पण अंगठ्याचा ठसा ही वेगळी गोष्ट आहे, तो टांकसाळीचा नाही, मधल्या कोणाचा तरी. घामाने धातू खातो, काही महिन्यांनी तो ठसा तपकिरी होणार लिहून घ्या. त्या विक्रेत्याने तुम्हाला गंडवलं.

इंदिरानगरची_मावशी
माझा लेक अमेरिकेत असतो, तो मला तिकडच्या टांकसाळीचा असाच सेट पाठवतो दरवर्षी, त्यामुळे यात बोलायचा मला हक्क आहे 😄 त्यांच्याकडे ही पद्धत जुनी आहे. फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर, दोन्ही टांकसाळींची तीच तीच नाणी, दोन वेगळ्या फोल्डरमध्ये. २०२२ चा माझ्याकडे आहे त्यात दहा अन दहा वीस नाणी. लेकाने हिशोब सांगितला तो लक्षात आहे, सगळी मिळून पाच डॉलर ब्याऐंशी सेंट. म्हणजे तुझ्या बायकोची बेरीज तिकडच्या बायका पण करत असतील बघ.

पण मला त्यातली क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, आवडतात. २०२२ ते २०२५ दरवर्षी पाच पाच बायकांची चित्रं काढली त्यांनी त्याच्यावर. मी नाणी बघता बघता त्या बायका कोण होत्या ते वाचत गेले, सत्तराव्या वर्षी कोणी मला इतिहास शिकवला असता का? आणि आता तर वापरातली पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, पाडणं पण बंद केलं त्यांनी, २०२५ च्या नोव्हेंबरात. लेक म्हणतो आई तुझ्याकडच्या जपून ठेव. मी म्हटलं मी कशाला खर्च करतेय, मेन रोडला पेनी कोण घेणार, इथे दहाचं नाणं घ्यायला कुरकुर करतात!

पंचवटीकर
मावशी दहाच्या नाण्याचं अगदी खरं. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये खुलासा केला की चौदाही डिझाइन चालतात, तरी आमच्या गल्लीतला दूधवाला म्हणतो ते नाही चालत दुसरं द्या. मी त्याला मोबाइलवर वाचून दाखवलं तर म्हणे मोबाइलवर काहीही येतं.

अवांतर आहे पण सांगतो. रामकुंडावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढतात, सगळ्यांनी बघितलंच असेल. परवा एका पोराशी गप्पा मारत बसलो. तो म्हणे काका चुंबकाला एक आणि दोनच चिकटतात, दहा वीस नाही चिकटत, त्याला बुडी मारायला लागते. घरी येऊन खिशातली चिल्लर फ्रिजच्या मॅग्नेटला लावून बघितली तर खरंच. एक अन दोन स्टीलची, पाचचं पितळी निकेल ब्रास, दहा आणि वीस दोन धातूंची. त्या पोराला जेवढं कळतं तेवढं आपल्या सेट घेणाऱ्यांना कळत नसेल. फोल्डरमधल्या नाण्याला चुंबक लावून बघायला कोण देतो.

निफाडचा_नाना
मी किराणावाला माणूस, सेट बीट कधी घेतला नाही, पण तुमच्याहून चांगला सेट माझ्याकडे आहे असं म्हणलं तर राग येईल का. रात्री दुकान बंद करताना गल्ला मोजायचाच असतो, त्यात पाच मिनिटं जास्त. बँकेतून सुट्ट्याची पिशवी आणतो ती फोडली की सगळ्यात आधी मी वर्ष अन खूण बघतो. नवी कोरी करकरीत असतात, एकावर डाग नसतो, तीच बाजूला काढायची. एका वर्षाची पाचही नाणी, चारही टांकसाळींची, असा तक्ता मांडून बसलोय. तो काय भरत नाही राव! प्रत्येक टांकसाळ दरवर्षी सगळीच नाणी पाडत नाही, अन पाडली तरी निफाडपर्यंत येतील असं नाही. नोएडाचं टिंब भरपूर येतं, हैदराबादची चांदणी कधी कधी महिना महिना दिसत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने साखर घेतली अन वीसचं दिलं, बारा कोपऱ्याचं, माझ्याकडं नसलेलं. मी खुशीत त्याला दोन गोळ्या जास्त दिल्या, त्याला अजून कळलं नाही का दिल्या.

खर्च किती? दर्शनी किमतीएवढा. हवं तेव्हा परत गल्ल्यात टाकता येतं.

खुर्दा_शेठ
नानांना +१. मूळ छंद हा आहे. फोल्डर म्हणजे तयार पुरणपोळी विकत आणणं.

इंदिरानगरची_मावशी
तयार पुरणपोळी आणण्यात काय वाईट आहे हो शेठ? पुरण वाटायला तुम्ही येता का?

जेलरोडचे_अण्णा
😂😂

सिन्नरकरीण
सगळे कोरं कोरं म्हणताय म्हणून जरा उलटं बोलते. आमच्या तालुक्यात जोगलटेंभीला, दारणा गोदावरीला मिळते तिथे, १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता. १३,००० च्या वर नाणी, क्षत्रप नहपानाची. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. म्हणजे हरलेल्या राजाची नाणी गोळा केली, वितळवली नाहीत, त्याच्या चेहऱ्यावरच आपला डोंगर आणि उज्जैनचं चिन्ह ठोकलं आणि परत चालवली. फोटो बघा कधी, खाली नहपानाचं नाक दिसतं आणि त्याच्यावरून सातवाहनांचा ठसा गेलेला असतो. कोण जिंकलं, कोण हरलं हे त्या ठोक्यावरून कळलं. पांडवलेणीत शिलालेख आहेतच, पण तो साठा म्हणजे पावतीच. नहपानाच्या कारकुनाने ती नाणी कोरी ठेवून फोल्डरमध्ये लावली असती तर आपल्याला काय कळलं असतं?

अंजनेरीला त्र्यंबक रोडवर नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासून, तिथे संग्रहालय पण आहे. मुलीला जरा मोठी झाली की घेऊन जा. आपल्या जिल्ह्यातच एके काळी चांदवडला होळकरांची टांकसाळ होती, आणि नाशिकच्या नाण्यांवर गुलशनाबाद असं नाव यायचं. तर अण्णा, नाणी इथे पडत नाहीत हे आताचं. पूर्वी पडायची.

जेलरोडचे_अण्णा
ताई मान्य. एक दुरुस्ती सप्रेम स्वीकारली.

गंगापूररोडकर
सिन्नरकरीण ताई, हे जोगलटेंभीचं मला माहितीच नव्हतं आणि आमचं आजोळ तिथून अर्ध्या तासावर. लाज वाटली.

एमएच_१५
प्रश्न भरकटतोय. दादा सेटचा फोटो टाका ना, जन्मवर्षाचा. आणि ठेवता कशात? माझ्या काकांकडे जुनी नाणी प्लास्टिकच्या मऊ पाकिटात होती, सगळ्यांवर हिरवा चिकट थर आला. मग काकूंनी पितांबरीने घासून लख्ख केली.

खुर्दा_शेठ
अरेरेरेरे. पितांबरी देवाच्या समईला. नाण्याला नाही, नाही, नाही. वरचा मूळ थर जातो, बारीक ओरखडे पडतात, मग ते चमकतं पण मेलेलं असतं, डीलर लांबून ओळखतो. आणि तो हिरवा चिकटा मऊ पीव्हीसी पाकिटांचा प्रताप. कडक प्लास्टिकची कॅप्सूल घ्या किंवा पीव्हीसी नसलेले होल्डर, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि नाणं कडेने धरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही. श्रावणात आपल्याकडे कपाटात जी दमट हवा कोंडते ती नाण्यांना बाधते. पुडी दर पावसाळ्यात बदला.

गंगापूररोडकर
फोटोचं विचारलंत म्हणून खरं काय ते सांगतो, धाग्यात लपवून ठेवलं होतं.

जन्मवर्षाच्या फोल्डरमध्ये चारच नाणी आहेत. पाचची जागा रिकामी आहे. मागच्या श्रावणात घरी सत्यनारायण होता, गुरुजी आले, कलशात घालायला सुपारी आणि नाणं हवं म्हणाले. आई कपाट उघडून हळदीकुंकवाची डबी काढत होती, बाजूला फोल्डर. तिने प्लास्टिकचं झाकण उचकटलं आणि पाचचं काढलं. मी तेव्हा खाली दूध आणायला गेलो होतो. आलो तर कलशावर नारळ बसलेला, विड्याची पानं लागलेली, कथा सुरू. कोणाला काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी कलश उचलला तेव्हा तळाशी ते नाणं. रात्रभर तांब्याच्या कलशात पाण्यात, वरून हळद, कुंकू, अक्षता. काढलं तर एका बाजूला काळपट डाग चढलेला, ५ च्या पोटात हळद बसलेली ती अजून निघत नाही. मी आईला जरा चढ्या आवाजात म्हटलं अगं डब्यात एवढी चिल्लर होती, हेच का? तर म्हणे, ते सगळ्यात पिवळं होतं, सोन्यासारखं, देवाला काय कळकट द्यायचं?

यावर मला काही बोलता आलं नाही. ते नाणं तेव्हापासून पाकिटात घालून ठेवलंय, फोल्डरला परत लावायचं का ते ठरत नाही.

इंदिरानगरची_मावशी
आईचं बरोबर आहे. एकदम बरोबर.

खुर्दा_शेठ
संग्राहक म्हणून हृदयविकाराचा झटका येता येता राहिला. पण मावशींशी सहमत होतोय हे बघून मलाच आश्चर्य वाटतंय.

हळद घासू नका मात्र. कोमट पाण्यात बुडवून टिपून घ्या, बस.

निफाडचा_नाना
वर्ष कोणतं म्हणालात? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मुंबईचा हिरा, पाचचं. माझ्याकडं त्या वर्षाची दोन निघतील, पिशवीतून काढून ठेवलेली, कोणी हात लावलेला नाही. एक घेऊन जा. पाच रुपये द्या फक्त 😀

पंचवटीकर
नाना माणूस बघा. ज्याने दुपटीने विकलं त्या विक्रेत्याला हा धागा वाचून दाखवा.

एमएच_१५
मग शेवटी दरवर्षी घेणार का?

गंगापूररोडकर
ठरवलं ते सांगतो, बायकोशी बोलून.

दरवर्षी फोल्डर नाही घेणार. जन्मवर्षाचा आहे तो राहील, आणि एक पोरगी अठराची होईल त्या वर्षीचा घेईन, तेव्हा बुकिंग सुरू झाल्या झाल्या थेट टांकसाळीकडून, मधला माणूस नको. सिंहस्थाचं वेगळं काही नाणं निघालं तर तेवढा एक मोह करेन, त्याला बायकोची पण हरकत नाही, कारण तिच्या माहेरची सगळी तेव्हा आमच्याकडेच उतरणार आहेत. मधल्या वर्षांचे सेट नानांसारखे, चिल्लरीतून, पोरीला सोबत घेऊन. तिला आत्ता वर्ष वाचता येत नाही पण हिरा अन चांदणी ओळखेल. फोल्डरचे पैसे सुकन्यात. हे ऐकून बायको जिंकल्यासारखी हसली, मी काही म्हटलं नाही.

अंगठ्याच्या ठशाचं वीसचं तपासलं. शेठ, तपकिरी व्हायला लागलंय. तुमचा शब्द खरा.

खुर्दा_शेठ
खरा ठरायला नको होता.

गंगापूररोडकर
रविवारची गोष्ट राहिली सांगायची. नानांच्या दुकानी जाऊन आलो, पोरगी पण होती. नानांनी गल्ल्याखालून चहाचा डबा काढला, त्यात वर्षावर्षाच्या पुड्या बांधलेल्या, वर्तमानपत्राच्या कागदात, वर पेनाने वर्ष. डब्याला चहाचा वास. आमचं वर्ष शोधून पाचचं काढलं, कडेला धरून, खिडकीच्या उजेडात फिरवून दाखवलं, हिरा बघा म्हणाले. कोरं करकरीत. पाच रुपये घेतले आणि पोरीला दोन गोळ्या दिल्या.

घरी येऊन फोल्डर उघडला. नवं नाणं हातात होतं, लावायला गेलो, आणि काय झालं माहीत नाही, पाकिटातलं हळदीचंच काढून त्या जागेवर बसवलं. डागाची बाजू वर. नानांचं नाणं आईला दिलं, म्हटलं पुढच्या पूजेला हे घे. तिने उलटंसुलटं करून बघितलं, म्हणाली हे पण तुझ्या सेटमधलं नाही ना?

निफाडचा_नाना
म्हणजे माझं हिरावालं आता कलशात जाणार. जाऊ द्या, चांगल्या जागी चाललंय. तुमची उदबत्तीची पुडी काउंटरवर राहिली बरं का, पैसे दिले अन विसरून गेलात. इकडं याल तेव्हा घेऊन जा.